पुढची सीट

जुनी गाडी घ्यायला गेलेला माणूस टायर लाथाडून बघतो, सीट उचलून इंजिनात डोकं घालतो, मीटरचा आकडा खरा की मागं फिरवलेला यावर मालकाशी हुज्जत घालतो. शिवलिंगअण्णांनी यातलं काही केलं नाही. कोल्हापुरात एका डॉक्टरांच्या दारात पांढरी व्हॅन उभी होती. अण्णांनी किल्ली मागून घेतली, वहिनींना पुढच्या सीटवर बसवलं, मला मागं कोंबलं आणि रंकाळ्याला तीन फेऱ्या मारल्या. प्रत्येक फेरीनंतर गाडी थांबवून ते वहिनींच्या तोंडाकडं बघायचे.

"मळमळतंय काय?"

"न्हाई."

"डोकं गरगरतंय?"

"न्हाई वो. बरं वाटतंय. वारं लागतंय की."

तिसरी फेरी त्यांनी मुद्दाम खड्ड्याखड्ड्यांतून काढली. वहिनी हसत होत्या. डॉक्टर दारात उभे राहून हा प्रकार बघत होते. ते म्हणाले, "इंजिन नाही बघणार?" अण्णा म्हणाले, "इंजिन मेस्त्री बघंल की. मला बघायचं हुतं ते मी बघितलं."

अण्णा माझे चुलत भाऊ, माझ्याहून सतरा वर्षांनी मोठे. आम्ही सगळे गडमुडशिंगीचे, एका गल्लीत सहा घरं आमच्या भावकीची. अण्णांचं उचगावला पेंडीचं दुकान होतं. दिवसभर सरकीच्या पेंडीच्या पोत्यांत वावरून त्यांच्या अंगाला एक तेलकट वास येई आणि आम्हाला तो दोन घरांवरून कळे. स्वभावानं एकदम गरीब. गिऱ्हाईक ओरडलं तरी हे हात जोडणार. "न्हाई म्हणायला येगळं तोंड लागतंय बघ मल्लू, ते मला देवानं दिलं न्हाई," असं ते मला कितीदा तरी म्हणाले असतील. मी तेव्हा हसायचो.

सुरेखावहिनींचं माहेर निपाणीच्या पुढं, चिकोडीकडच्या एका खेड्यात. दोन एसट्या बदलून जावं लागे आणि वहिनींना एसटी सोसत नसे. कागल यायच्या आत पहिली उलटी. निपाणीच्या स्टँडवर उतरेतो त्या अर्ध्या झालेल्या असत. माहेरी पोचल्यावर एक दिवस नुसतं पडून राहायचं, परत आल्यावर आणखी एक. तिथं त्यांची विधवा आई एकटी राहायची. तिला सगळे अव्वा म्हणत. वहिनी तिची एकुलती एक मुलगी. वर्षातून एकदा भेट झाली तर झाली. एका लग्नाला जाताना कुणाच्या तरी जीपमध्ये वहिनींना पुढं बसायला मिळालं आणि सबंध वाटेत त्यांना काही झालं नाही. ती गोष्ट अण्णांनी चार वर्षं मनात जपून ठेवली आणि जमल्याबरोबर व्हॅन घेतली.

कागदपत्रं वाचायला म्हणून त्यांनी मला बरोबर नेलं होतं. परत येताना मला म्हणाले, "दर म्हयन्याला एक आयतवार अव्वाकडं. सकाळी जायचं, जेवायचं, सांजच्याला परत. पर कुणाला बोलू नगंस हां. बायकूसाठी गाडी घेतली म्हटलं तर भावकी हासंल." मी शब्द दिला. तो शब्द मी अण्णा असेपर्यंत पाळला आणि त्याच्यासारखी दुसरी चूक मी आयुष्यात केली नाही.

गाडी गल्लीत आली, चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ फुटला. अव्वाला सांगावा गेला होता, की गाडी घेतलीय, आता महिन्याच्या महिन्याला येतो. तिनं म्हणे सगळ्या आळीला सांगून टाकलं. इकडं पूजा झाल्यावर माझे वडील, भावकीतले सगळ्यांत थोरले, आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो, त्यांनी धोतर सावरलं, पुढचं दार उघडलं आणि सीटवर बसले. बसून म्हणाले, "झ्याक हाय. शिवल्या, ह्या पुनवंला समद्यांनी वाडीला जाऊन येऊ."

वाडी म्हणजे नृसिंहवाडी. व्हॅनमध्ये आम्ही अकराजण भरलो. पुढं अप्पा. त्यामागं पुरुष. शेवटी बायका, त्यांतही सुना उलट्या तोंडाच्या सीटवर, म्हणजे गाडी जाणार पुढं आणि यांची तोंडं मागं. जयसिंगपूरच्या अलीकडं वहिनींनी पदर तोंडाला लावला. गाडी थांबवावी लागली. सगळे खाली उतरले, पाणी दिलं, लिंबू हुंगायला दिलं. अण्णा नुसते पुढच्या सीटकडं बघत होते. अप्पा आतून म्हणाले, "हिला गाडी लागतीया व्हय? मग घरात ऱ्हायचं की."

त्या दिवसापासून वहिनींना गाडी लागते हे भावकीत ठरून गेलं. गाडी निघाली की वहिनी घरात, हे आपोआपच झालं.

कुणी म्हणेल, अप्पांना मागं बसा म्हणायला काय झालं होतं? ज्यानं आमची भावकी बघितली नाही तोच असं म्हणेल. पुढची सीट म्हणजे मान. थोरल्या माणसाला मागं बसवून सून पुढं बसली, हे दृश्य गल्लीनं पिढ्यान् पिढ्या सांगितलं असतं. कारण सांगायला जावं, तर बायकोसाठी गाडी घेतल्याचं कबूल करावं लागणार. अण्णा दोन्ही बाजूंनी अडकले. गाडी त्यांची, पेट्रोलचा घोर त्यांचा, आणि ज्या एका सीटसाठी ती घेतली तेवढी सीट काही त्यांची नाही.

मग सुरू झालं. कुणाचं बारसं, कुणाचं डोहाळजेवण, कुणाला दवाखाना, कुणाच्या जावयाला स्टँडवर सोडायचंय. मुलगी बघायला जायचं तर हमखास आमची व्हॅन. आमच्यात मुलगी बघायला पाच नाहीतर सात माणसं जातात, सम संख्या चालत नाही. अण्णांना धरून सहा झाले की दारात खल होई. अप्पा शेवटी निकाल द्यायचे, "शिवल्याला धरू नगा. त्यो ड्रायवर." मग पाचजण आत जाऊन पोहे खायचे आणि अण्णा बाहेर गाडीत. मुलीकडची माणसं त्यांना खरंच भाड्याचा ड्रायव्हर समजून अंगणातच बशीतून चहा आणून देत. एकदा मी चिडलो, तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे रं. आत गेलो असतो तर सा झाले असते. त्या पोरीचं लगीन मोडायचं माझ्यामुळं?"

सुटायचा प्रयत्न त्यांनी केला नाही असं नाही. एका शनिवारी त्यांनी बॅटरीची वायर काढून ठेवली आणि गाडी बिघडलीय असं सांगितलं. विचार असा, की रविवारी पहाटे वायर जोडायची आणि वहिनींना घेऊन सटकायचं. अप्पांनी अर्ध्या तासात उचगावचा मेस्त्री आणून उभा केला. मेस्त्री म्हणाला, "वायर निघालीया फकस्त." अप्पा खूश, म्हणाले, "बघ, म्हातारा कामाला आला का न्हाई?" अण्णांनी मान हलवली. खोटं बोलून पकडले गेल्यासारखे ते दोन दिवस कुणाकडं बघत नव्हते, आणि पकडलं तर कुणीच नव्हतं.

एकदा मात्र दोघं खरोखरच निघाले. वहिनींनी शेंगांच्या पोळ्या करून घेतल्या होत्या. हायवेला लागले आणि समोर हात केलेला माणूस कोण, तर अप्पांचे व्याही, माझ्या थोरल्या बहिणीचे सासरे. "पावणं, कुठं दौरा? निपाणीपतोर सोडा की!" व्याह्यांना मागं बसवणार कोण? वहिनी न सांगता उतरल्या आणि मागं जाऊन बसल्या. कागलला उलटी. व्याही बिचारे भले गृहस्थ. ते हळहळले, म्हणाले, "अशा अवस्थेत बाईमाणसाला न्हेऊ नगा, परत फिरा. मी जातो एस्टीनं." आणि उतरून गेलेसुद्धा. पुढची सीट मोकळी झाली. पण वहिनींना तोवर डोकं वर उचलवत नव्हतं. अण्णांनी गाडी वळवली. पोळ्या संध्याकाळी आमच्या सहा घरांत वाटल्या गेल्या. मीही दोन खाल्ल्या. छान झाल्या होत्या.

"गाडी माझी हाय, पर मी गाडीचा हाय," असं ते त्यानंतर म्हणू लागले. विकून टाका, मी एकदा सुचवलं. त्यांनी तसं नुसतं बोलून बघितलं तर गल्लीत सुतकाची कळा आली. अप्पा म्हणाले, "इकतोस? मग आमी कसं जायचं?" विषय तिथंच संपला. चार-पाच वर्षं अशीच गेली. त्यात वहिनी माहेरी तीनदा जाऊन आल्या, तिन्ही वेळा एसटीनं.

आता मला माझ्या दिवसाबद्दल लिहायला हवं. मी नोकरीला लागलो होतो आणि इचलकरंजीला माझा साखरपुडा ठरला होता. सकाळी दहाला निघायचं होतं. साडेनऊला मी नवा सदरा घालून दारात उभा असताना अण्णांनी मला पेंडीच्या पोत्यांमागं बोलावलं. दुकानातली काही पोती घरीही असत. त्यांचा चेहरा उतरला होता.

"मल्लू, निपाणीवरनं फोन आला हुता. अव्वाचं काय खरं न्हाई. सुरेखाचं नाव घेतीया म्हणं."

"कुणाला सांगितलं?"

"सुरेखाला तेवढं ठावं हाय. दुसऱ्या कुणाला सांगू? शुभकार्याला निघताना असलं बोलू ने. तुझ्या साखरपुड्याला इघ्न नगं. तू सांग, काय करू?"

त्यांना काय हवं होतं, मला चांगलं कळत होतं. मी एवढंच म्हणायला हवं होतं, की अण्णा, तुम्ही वहिनींना पुढं बसवा आणि निघा, आम्ही दुसरी गाडी करतो. कोल्हापुरात भाड्याच्या गाड्या काय कमी होत्या? पण साखरपुड्याला भाड्याच्या गाडीतून जायचं, ती का केली ते सासरवाडीला सांगायचं, अप्पांचा चढलेला आवाज ऐकायचा, हे सगळं एका क्षणात माझ्या डोळ्यांपुढून गेलं. मी म्हणालो, "दुपारपर्यंत येऊच की परत. आल्या आल्या तुम्ही निघा."

"व्हय," अण्णा म्हणाले. "दुपारपतोर काय हुतंय." आणि ते गाडी पुसायला गेले.

दुपारपर्यंत काही उरकलं नाही. भटजी, म्हणजे आमचे जंगम स्वामी, उशिरा आले. मग मानपान, मग जेवणाच्या पंगती. त्या दिवशी माझा हट्ट म्हणून अण्णांना आत बसवलं होतं. ताटात पुरणपोळी, त्यावर तूप, आणि अण्णा बोटानं पोळीचे बारीक तुकडे करत बसलेले. एकही तुकडा तोंडात गेला नाही. किल्ली त्यांच्या खिशात होती. ते उठून निघाले असते तर त्यांना कुणी धरून ठेवणार नव्हतं. मीही उठलो नाही. माझ्याकडं बघून सगळे हसत होते आणि मीही हसत होतो.

चार वाजता गल्लीत आलो. वहिनींच्या दाराला कुलूप. शेजारणीनं सांगितलं, गाडी गेली तशा त्या एक पिशवी घेऊन उचगावच्या फाट्याकडं चालत गेल्या. अण्णांनी कुणाला उतरायलाही नीट वेळ दिला नाही. "उतरा," एवढंच म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांचा तसला आवाज आम्ही पहिल्यांदा ऐकला. अप्पासुद्धा मुकाट्यानं उतरले. अण्णा रिकामी गाडी घेऊन गेले. ते पोचले तेव्हा अव्वा जाऊन तासभर झाला होता. वहिनी दोनलाच पोचल्या होत्या.

वहिनी त्या गाडीतून परत आल्या नाहीत. पंधरा दिवसांनी एसटीनं आल्या. भांडण नाही, अबोला नाही. पण त्या व्हॅनमध्ये त्या पुन्हा कधी चढल्या नाहीत. अण्णांनी एकदाही आग्रह केला नाही. अप्पा गेल्यानंतर पुढची सीट बऱ्याचदा मोकळी असायची. अण्णा ती सकाळी पुसायचे आणि पेंड पोचवायला निघून जायचे. गाडीचं पुढं भंगारच झालं. अण्णांना छातीचा त्रास सुरू झाला आणि साठीच्या आत ते गेले. दवाखान्यात न्यायला मी माझी गाडी काढली होती. एव्हाना भावकीत घरोघरी गाडी झाली होती.

ते गेल्यावर महिन्याभरानं मी वहिनींकडं गेलो. मला माझं ओझं उतरवायचं होतं, दुसरं काही नाही. मी सगळं सांगितलं. गाडी घेतली त्या दिवशी दिलेला शब्द, पोत्यांमागचं बोलणं, मी काय म्हणालो ते.

वहिनी शेंगा सोलत होत्या. त्या म्हणाल्या, "मला ठावं हुतं, भावजी. त्यांनी त्याच राती सांगितलं. तुमच्यावर घालून न्हाई हां. मीच उठलो न्हाई, म्हणाले."

मी ढिगातल्या चार शेंगा उचलून सोलू लागलो. वहिनींनी टरफलं बाजूला सारली.

"त्यांला एक गोष्ट मात्र मी कधी सांगितली न्हाई. मी पोचले तवा माझ्यात तरी कुठं जीव हुता? चारदा वकले हुते वाटंत. तोंड धुऊन आत गेले. अव्वानं डोळं उघडलं आणि कन्नडमधनं पयलं काय इचारलं ठावं हाय? गाडीनं आलीस न्हवं, म्हणाली."

"मग?"

"हौदव्वा, मी म्हणाले. व्हय अव्वा. पुढच्या शिटावर बसून आले. लई वारं लागत हुतं."