गव्हर्नरांच्या तोंडी भात

ऑफिसातले किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. जुन्या कॅलेंडरांसारखे ते आपोआप साठतात आणि टाकून द्यायला कुणाचाच हात धजत नाही! आमच्या मावळातल्या कान्हे गावच्या पतसंस्थेत माणसं चार, पण किस्से विचारू नका. त्यातले निम्मे एकाच माणसाचे, आणि तो माणूस आमच्या शाखेत कधी पाऊलसुद्धा टाकणार नाही. तो म्हणजे देशाच्या मध्यवर्ती बँकेचा गव्हर्नर!

दर दोन महिन्यांनी हे साहेब सकाळी व्याजदर सांगतात आणि दुपारी बाराला टीव्हीवर पत्रकारांसमोर बसतात. आमच्या ठेवींचे दर त्यावर हलतात, म्हणून ते बघणं हे आमचं अधिकृत काम. ते काय बोलणार यावर पैज लावणं, हे अनधिकृत!

पैजेत पैसा नाही. प्रत्येकाने चिठ्ठी लिहून लोणच्याच्या रिकाम्या बरणीत टाकायची. जिंकेल त्याने शाखा बंद होईपर्यंत मॅनेजरच्या खुर्चीत बसायचं आणि मॅनेजर गायकवाड सरांनी त्याला स्वतःच्या हाताने चहा आणून द्यायचा. कुणाचंच बरोबर आलं नाही, तर जवळात जवळची चिठ्ठी सर ठरवणार.

पहिल्या खेपेला चौघांनीही लिहिलं, "दर बदलणार नाहीत." नाही बदलले! चौघं जिंकलो, पण खुर्ची एकच म्हणून बसलं कुणीच नाही. सरांनी चार कप चहा केला, त्यातला एक स्वतःलाच नेऊन दिला आणि जाहीर केलं, "पुढच्या वेळेपासून दर बंद. फक्त शब्दांवर!"

*

आमची कॉम्प्युटर ऑपरेटर नसरीन कामशेतची. सर आठवडाभर पेपर वाचून, रेघोट्या मारून चिठ्ठी लिहायचे. नसरीन बाराला एक मिनिट कमी असताना पेन शोधायची!

एकदा सरांनी लिहिलं, "जागतिक अनिश्चितता." नसरीनने लिहिलं, "थँक यू."

साहेब खुर्चीत बसले, माईक नीट केला आणि पहिलाच शब्द, "थँक यू!"

सर चहा ठेवायला उठले. "नसरीन, तू अभ्यास काय केलास?"

"सर, माणूस माईकसमोर बसला की आधी तेच म्हणतो."

*

एकदा ऐन बाराला लाइट गेली. मग काय, माझा मोबाईल टेबलावर मध्ये ठेवला आणि चौघं त्यावर वाकलो. आवाज कमी येत होता, म्हणून श्वाससुद्धा रोखून धरलेला.

तेवढ्यात घोरावाडीचे आबा पासबुक भरायला आले. अंधार, चार खाली घातलेल्या माना, कुणी बोलत नाही! त्यांनी हळूच टोपी काढली.

"कोन गेलं म्हनायचं?"

"आबा, गव्हर्नर बोलतायत," मी कुजबुजले. आबांना "गव्हर्नर" एवढंच ऐकू गेलं.

"अरं देवा," आबा म्हणाले आणि पायरीवरच बसले. "लई वय न्हवतं वाटतं."

*

मुख्य कार्यालयाचे तपासनीस अचानक आले तेव्हा बरणी टेबलावरच होती. त्यांनी झाकण काढलं.

"हे काय?"

"ग्राहकांच्या सूचना, सर!" गायकवाड सर म्हणाले.

तपासनीसांनी एक चिठ्ठी वाचली. "'बोलतील लय, सांगणार काहीच नाहीत.' ही कोणाबद्दल तक्रार?"

सरांनी सगळं खरं सांगून टाकलं. तपासनीसांनी चिठ्ठी परत बरणीत टाकली, झाकण लावलं आणि ते गेले. आता मेमो येणार म्हणून आम्ही दोन महिने धाकात! पुढच्या वेळी बाराला पाच कमी असताना मुख्य कार्यालयातून फोन आला.

"मी बोलतोय. माझी एक चिठ्ठी टाका. 'सावध.'"

*

राहिले किसनभाऊ. आमचे शिपाई, औंढ्याचे, घरी इंद्रायणी भाताची खाचरं. दर बंद झाल्यापासून भाऊंची चिठ्ठी कायम एकच: "भात."

"भाऊ, ते महागाईवर बोलतात. टोमॅटो म्हणतात, कांदा म्हणतात, डाळ म्हणतात."

"मग भात का म्हनत न्हाईत? खात न्हाईत व्हय?"

एकदा साहेब "फूडग्रेन्स" म्हणाले. मी अर्थ सांगितला आणि भाऊ उडालेच! "धान्य म्हंजी भातच की! उठा सर खुर्चीवरनं!"

सर नियमाला पक्के. "भाऊ, धान्यात गहूपण येतो."

"मावळात येतो का?" भाऊंनी विचारलं. सरांनी तरी खुर्ची भाऊंना दिली नाही. त्या दिवशी नसरीन जिंकली आणि भाऊंनी नेहमीसारखे कप विसळले.

*

आता शेवटचा. त्या महिनाअखेरीला भाऊ रिटायर होणार होते. सगळी नोकरी चहा पोचवण्यात गेली, आणि खुर्चीत एकदाही बसले नाहीत. ही त्यांची शेवटची पत्रकार परिषद! आम्हा तिघांच्या जिवाला ते लागून राहिलं.

मग आम्ही कट केला. तिघांनी अशक्य ते लिहायचं. साहेब धान्याचं नाव काढणारच, ते काढलं की सरांनी जवळात जवळची म्हणून "भात" जाहीर करायचा. सरांनी लिहिलं, "साहेब शिट्टी वाजवतील." नसरीनने लिहिलं, "साहेब पत्रकाराला मिठी मारतील." गव्हर्नर कधीच म्हणणार नाही असं काय, याचा मी रात्रभर विचार केला आणि पैसे काढायच्या गुलाबी स्लिपवर लिहिलं, "मला माहीत नाही."

बारा वाजले. दहा मिनिटांत साहेब "फूडग्रेन्स" म्हणाले! सरांनी मला डोळा मारला, नसरीनने टेबलाखाली माझा हात दाबला. आता फक्त परिषद संपायची वाट.

शेवटचा प्रश्न आला. महागाई नक्की कधी उतरणार? साहेब थांबले. चष्मा काढला. चक्क हसले.

"ऑनेस्टली, आय डोन्ट नो."

सरांचा चेहरा पांढराफटक! नसरीनने तोंडावर हात ठेवला. बरणी उघडायचं काम भाऊंचं, आणि भाऊ टीव्ही बंद करायला वळले होते. मी बरणीत हात घातला, गुलाबी चिठ्ठी काढली, दुसरं काही सुचेना म्हणून तोंडात कोंबली आणि गिळली!

भाऊंनी तीन चिठ्ठ्या वाचल्या. शिट्टी, मिठी, भात.

"भात जवळचा!" सर ओरडलेच. "किसनभाऊ जिंकले!"

टाळ्या, आरडाओरडा! बाहेर रांगेतल्या दोन मावश्याही टाळ्या वाजवू लागल्या. भाऊ खुर्चीत बसले, पण पाठ टेकेनात. सर दोन्ही हातांनी कपबशी धरून चहा घेऊन आले तेव्हा मला भरूनच आलं. भाऊंनी सावकाश दोन घोट घेतले, मग पाठ टेकली आणि डोळे मिटले.

थोड्या वेळाने ते उठले. माठातून ग्लास भरला आणि माझ्या टेबलावर आणून ठेवला.

"पानी प्या ताई," ते हळूच म्हणाले. "कागुद कोरडा गिळला की घशात बसतो."