चरखीला लावलेलं करडईचं तेल

आमच्या घरात कुणी कधी मासा खाल्ला नाही. आम्ही गळ्यात लिंग बांधणारे लोक. तरी मासे धरायच्या काठीची चरखी कशी खोलायची, कशी पुसायची आणि तेलाचा थेंब नेमका कुठं द्यायचा, हे मला दहा-अकराव्या वर्षी येत होतं. त्यात नवल काही नाही. आप्पा, माझे वडील, तालुक्याच्या कचेरीत चपराशी होते आणि तहसीलदारसाहेबांना मासे धरायचा नाद होता.

साहेब हैदराबादचे. जुम्म्याची सुट्टी आली की मोटारीतून नळदुर्गाकडं बोरी नदीच्या पाण्यावर जायचे. काठी विलायती. काठीच्या बुडाशी पितळेची चरखी, तिच्यावर रेशमी दोर गुंडाळलेला. मासा गळाला लागला की मूठ फिरवायची, दोर आत येतो. बंगल्यावरच्या नोकरानं एकदा ती खोलली आणि स्प्रिंग हरवून बसला. आप्पांनी कचेरीतलं भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त केलेलं साहेबांनी पाहिलं होतं. तेव्हापासून शनिवारी चरखी आमच्या घरी यायची.

घरी म्हणजे गोठ्यात. अव्वा, म्हणजे माझी आई, चरखीला उंबऱ्याच्या आत येऊ द्यायची नाही. चरखीची मूठ शिंगाची आहे हे कळलं तेव्हा तर तिनं ती म्हशीच्याही दावणीपासून लांब ठेवायला लावली. गोठ्याच्या कोपऱ्यात एक पोतं होतं, ते फक्त चरखीचं. आप्पा त्यावर बसून स्क्रू काढायचे आणि सुटा भाग माझ्या हातात द्यायचे. मी तो रॉकेलमध्ये बुडवून ज्वारीच्या चिपाडाच्या टोकानं दातऱ्यांतली वाळू काढायची. वाळूबरोबर खवले निघायचे, नखाएवढे, चकचकीत. मग जुन्या धोतराच्या चिंधीनं पुसायचं, आसाला आणि दातऱ्यांना थेंब थेंब तेल द्यायचं, परत जोडायचं. दोर दोन मेढींना ताणून वाळवायचा. झालं की दोघांनी आंघोळ करून मगच घरात पाय टाकायचा. थंडीत आप्पा काकडायचे. अव्वा पाण्याची घागर ओतत म्हणायची, "साहेबाला सांगा, उद्या बकरं बी घरी पाठवा म्हणावं सोलायला."

"पगार कोण देतो, तुझा बाप?" आप्पा म्हणायचे.

"माझा बाप असता तर त्यानं मासं धुवायला नसतं लावलं."

तेल साहेब द्यायचे. हैदराबादेहून आणलेली मशीनच्या तेलाची बाटली असायची. जर्मनीच्या लढाईच्या वर्षांत ती मिळेनाशी झाली. साखर परवान्यावर, रॉकेल परवान्यावर. एका शनिवारी साहेबांनी बाटलीऐवजी एक चपटा डबा पाठवला. आत पिवळं, तुपासारखं घट्ट काहीतरी होतं. डबा देताना बंगल्यावरचा नोकर म्हणाला, "चरबी है, थोडी थोडी लगाना."

आप्पांनी ते घरी येऊन सांगितलं, तिथंच चुकलं. अव्वा चुलीपुढून उठून गोठ्यात आली.

"कशाची चरबी?"

"मला काय ठावं."

"गाईची? डुकराची? तुमच्या गळ्यात काय हाय ते हात लावून बघा आन् मग सांगा."

आप्पांनी गळ्यातल्या लिंगाला हात लावला नाही, पण डबाही उघडला नाही. अव्वानं तो गोठ्याच्या बाहेर, कुंपणाच्या दगडाखाली ठेवायला लावला. ती चरबी खरंच जनावराची होती की खाणीतल्या तेलाची, ते मला आजही माहीत नाही. तेव्हा ते विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. चरबी म्हटल्यावर विषय संपला.

पहिल्यांदा एरंडेल लावून पाहिलं. बैलगाडीच्या आसाला चालतं, इथं का नको? पण ते जाड. साहेबांनी मूठ फिरवली आणि जड फिरते म्हणून आप्पांना बोल लावला. मग अव्वानंच करडईचं तेल काढून दिलं, घाण्यावरचं, फोडणीचं. पातळ, पिवळं, अगदी बाटलीतल्या तेलासारखं. चरखी अशी गरगर फिरली की आप्पा हसले. साहेबांनी शाबास म्हटलं. दोन-तीन महिने असंच चाललं. साहेब समजत होते चरबी लावतात, आणि आम्ही सांगितलं नाही.

त्याच दिवसांत अक्काचं ठरलं. माझी थोरली बहीण. तिला लहानपणी देवी आल्या होत्या आणि एका डोळ्यात फूल पडलं होतं. स्थळं यायची, डोळा बघायची, पोहे खाऊन जायची. ती सोळाची झाली तेव्हा शेजारणी तिच्यासमोरच अव्वाला विचारायच्या, "अजून हायच का घरी?" शेवटी उमरग्याचं एक दुकानदाराचं घर तयार झालं. आपल्यातलेच. मुलगा धडधाकट, प्रथमवर. डोळा त्यांनी पाहिला आणि काही बोलले नाहीत. न बोलण्याचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. सरकार सक्तीनं धान्य वसूल करायचं, त्या लेव्हीच्या काळात दुकानदाराला तहसीलदाराच्या दारात उभा राहणारा माणूस सोयरा म्हणून हवा होता. मुलाचा बाप सुपारी फुटल्यावर आप्पांच्या छातीवरच्या पट्ट्याकडं, त्यावरच्या पितळी बिल्ल्याकडं बघत म्हणाला, "पोरगी एका डोळ्यानं बघंल, तुम्ही दोन्ही डोळ्यांनी आमच्याकडं बघा, म्हंजे झालं." सगळे हसले. अक्का आतून ऐकत होती, तीही हसली. म्हणजे आप्पांची नोकरी आहे तोवर अक्काचं लग्न आहे, इतकं मलाही कळत होतं.

उन्हाळा लागल्यापासून साहेब मासे धरायला गेले नव्हते. चरखी बंगल्यावर पेटीत पडून होती. मे महिन्यात धाराशिवहून मोठे अधिकारी आले, त्यांच्यासाठी बोरीवर बेत केला. आप्पा पाण्यात उतरून जाळी धरून उभे होते, त्यांनीच नंतर सांगितलं. पाहुण्यांच्या गळाला मोठी मरळ लागली. साहेबांनी स्वतः पुढं होऊन मूठ फिरवली. ती फिरेना. करडईचं तेल पेटीत पडून पडून आटून रोगणासारखं झालं होतं. दारांना लावायचं रोगण करडईच्याच तेलाचं करतात, हे आमच्या गल्लीत सुताराच्या घरी रोज दिसत होतं, तरी सुचलं नाही. साहेबांनी जोर केला, दोर तुटला, मासा गेला. पाहुणे हसले आणि म्हणाले, तहसील भी ऐसाच चलाते क्या? ते हसणं आप्पांना भोवलं.

"मैं दिया सो डब्बा किधर है?"

"घरी आहे, हुजूर."

"लगाया क्या नहीं?"

आप्पांना खोटं बोलता आलं असतं. ते म्हणाले, "आमच्यात चालत न्हाय, हुजूर."

साहेबांनी तिथंच पट्टा काढून ठेवायला लावला. चरखी आप्पांच्या अंगावर टाकली आणि म्हणाले, पहिल्यासारखी फिरली तर बघू.

आप्पा चालत घरी आले, चरखी धोतराच्या सोग्यात गुंडाळून. आल्यावर गोठ्यात बसले. रॉकेल महिन्याचं होतं तेवढं ओतलं, काही सुटेना. चिपाडाचं टोक मोडलं. अव्वा उभी राहून बघत होती. मग तिनं पापडखार आणला, घंगाळात पाणी कढत केलं आणि सगळे भाग त्यात टाकले. उंबऱ्याच्या आत, चुलीवर. मी तिच्या तोंडाकडं बघितलं तर म्हणाली, "काय बघती? फुंक घाल."

दिवसभर उकळलं. रोगण साबणासारखं होऊन वर आलं. दातरे मोकळे झाले, पितळ उघडं पडलं. आता वंगण हवं होतं. अव्वा स्वतः जाऊन दगडाखालचा डबा घेऊन आली. अव्वानं बोटानं चरबी घेतली आणि एकेका दातऱ्याला लावली, मी दाखवीन तिथं. नंतर बराच वेळ राखेनं हात घासत राहिली. त्या दिवशी तिनं लिंगाची पूजा केली नाही आणि जेवलीही नाही.

आप्पांनी सकाळी चरखी नेऊन दिली. साहेबांनी फिरवून बघितली. उत्तम फिरली. "अच्छा," म्हणाले आणि पेटीत ठेवली. पट्टा आदल्या दिवशीच दुसऱ्या माणसाला दिला होता.

अव्वाला चरबी लावल्याचं मनातून जाईना. ती गावातल्या जंगमस्वामींकडं गेली, घडलं ते सगळं सांगितलं आणि शुद्ध व्हायला काय करायचं ते विचारलं. त्यांनी सांगितलं ते तिनं केलं. पण स्वामींचं उमरग्याला येणं-जाणं होतं. आठ-पंधरा दिवसांत तिकडून मुलाचा चुलता आला. अंगणातच उभा राहिला, पाणी घेतलं नाही.

"चरबी शिवलेल्या घरातली पोरगी आमच्यात कशी आणावी, सांगा तुम्हीच."

अव्वा म्हणाली, "चरबी शिवली म्हणून, का पट्टा गेला म्हणून?"

"आता बाईमाणसाशी काय बोलायचं," असं म्हणून तो गेला.

अक्काला पुढच्याच वर्षी तामलवाडीच्या एका बिजवराला दिली. त्याची थोरली मुलगी अक्काच्या बरोबरीची होती. त्यानं डोळा विचारला नाही, पट्टा विचारला नाही, चरबीही नाही. त्याला भाकऱ्या करायला आणि गोठ्यातलं शेणकूर काढायला बाई हवी होती. आप्पा तेव्हा अडत दुकानात पोती शिवायला जात होते. अक्का रडली नाही. निघताना मला म्हणाली, "तू तुझी शाळा सोडू नको, चौथी तरी कर."

पहिल्या बाळंतपणात ती गेली. मूलही गेलं. निरोप पोचून आम्ही गेलो तोवर सगळं उरकलं होतं. आमच्यात बसवून पुरतात. माती अजून ओली होती. तिचा नवरा ओट्यावर तंबाखू मळत बसला होता. आप्पांना बसा म्हणाला, पाणी दिलं, आणि मग माझ्याकडं हनुवटीनं दाखवून विचारलं, "ही धाकटी न्हवं? किती वर्षांची झाली?"

अव्वानं माझं मनगट धरलं आणि आम्ही उन्हातच परत निघालो. आप्पा मागून आले. घर येईपर्यंत तिनं मनगट सोडलं नाही.