थोरलीचं रक्त

जुळणीचा रिपोर्ट आला आणि मी तो लगेच बापूंना सांगून मोकळी झाले. बापू कडेगावकडचे मेंढपाळ. धाकटी सारिका नऊ वर्षांची, तिच्या अस्थिमज्जेत रक्त तयार होणं थांबत आलेलं. थोरल्या नंदाची मज्जा तिला चालणार होती.

"सख्खी भन हाय, जुळणारच," बापू म्हणाले. गावात नंदाला हळदकुंकू लावून नवी साडी दिली गेली.

मी सांगलीत एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये गुणसूत्रं तपासते. सारिकाचा आजार फँकोनी ॲनिमिया. पेशीतला डीएनए रोज कुठेतरी अडकतो, तुटतो. तिथे काही प्रथिनं पोचून खूण करतात. त्या खुणेवर दुरुस्तीची प्रथिनं जमतात. शेतात पाइपलाइन फुटली की बघणाऱ्याने हाक मारावी लागते, तसंच. या आजारात हाक मारणारेच बिघडलेले. बाकीचे धडधाकट असून घरी बसतात. हा बिघाड बहुधा आई-बाप दोघांकडून यावा लागतो. बापूंची बायको त्यांच्या मामाची मुलगी.

ट्रान्सप्लांट युनिटचं उद्घाटन याच केसने करायचं ठरलं होतं. फ्लेक्सवर दोघी बहिणी होत्या. पाहुण्यांचे फोटो त्यांच्या चौपट. मी नंदाची ब्रेकेज टेस्ट मागितली. म्हणजे रक्तपेशींना डीएनए बिघडवणारं औषध द्यायचं आणि किती तुटतं ते मोजायचं.

युनिटचे प्रमुख सर म्हणाले, "एकोणीस वर्षांची ठणठणीत मुलगी. कशाला?"

"सख्खी बहीण आहे सर. म्हणूनच."

चौथ्या दिवशी स्लाइड पाहिली. पेशीमागून पेशीत गुणसूत्रं तुटून भलतीकडेच चिकटलेली. टेस्ट परत लावली. तेच.

"आवं म्याडम, हिला कवा सर्दी बी न्हाई," बापू म्हणाले.

नंदाने विचारलं, "म्हंजे मी द्यायचं न्हाई?"

"नाही. तुलाही तोच आजार आहे. अजून दिसत नाही, इतकंच."

"माझं ऱ्हाऊ द्या. तिला कोण देणार?"

तिचं लग्न आतेभावाशी ठरलं होतं. त्याच्यातही हा बिघाड लपलेला असू शकतो, त्याचीही तपासणी करा, असं मी सांगितलं. "भनीला काय सांगू मी?" बापूंनी विचारलं. या प्रश्नाची टेस्ट आमच्याकडे नाही.

बाहेरचा दाता मिळेपर्यंत सारिका टिकली नाही. नंदा दर तीन महिन्यांनी रक्त तपासायला येते. गेल्या खेपेला प्लेटलेट घसरल्या होत्या.

आता दात्याची ब्रेकेज टेस्ट येईपर्यंत जुळणीचा रिपोर्ट मी ड्रॉवरमध्ये ठेवते. पेशंटच्या घरचे रोज फोन करतात. अजून आला नाही, असं मी सांगते.