मामीचं आमंत्रण व्हायरल झालं

शेवंतामामीला फोन लावला तेव्हा ती अंगण सारवत होती. मी म्हणालो, "मामी, तुझा व्हिडिओ थांबून नाही राहिला."

"थांबून नाही राहिला म्हंजे? बंद कर ना मंग. बटन असन ना त्याले."

बटन नव्हतं. तीच अडचण होती.

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी शेवंतामामीचं नाव घेतो. आमचं गाव दिघोरी. घरी धानाची शेती. दहावीच्या पुढे घरातलं कुणी गेलेलं नव्हतं. मामाचं गाव सिहोऱ्याकडे. तिथून तुमसरच्या कॉलेजला जायला बस मिळायची, म्हणून बारावीनंतर मी मामाकडे राहायला गेलो. पदवी होईपर्यंत मामीने मला रोज डबा करून दिला. बस सकाळची, म्हणून तिची चूल गावात सगळ्यांच्या आधी पेटायची. तिने कधी तोंड वाकडं केलं नाही. उलट डब्यात भात उरला तर विचारायची, "काहून नाही जेवला? कोनी काही बोललं का तुले?"

आता मी भंडाऱ्यात एका लहानशा डिजिटल मार्केटिंगच्या ऑफिसात काम करतो. दुकानदारांचे, बचत गटांचे व्हिडिओ बनवायचे, पेजवर टाकायचे आणि ते जास्तीत जास्त लोकांना दिसतील असं पाहायचं. आमचे मालक लांजेवार सर. मामीचा महिला गट चिन्नोर लावतो. चिन्नोर म्हणजे आमच्याकडचा बारीक, वासाचा तांदूळ. त्या गटाचं काम मीच ऑफिसात आणलं होतं, त्यामुळे ते चांगलं व्हावं अशी फार इच्छा होती.

व्हिडिओ आम्ही मन लावून बनवला. वाऱ्यावर डुलणारं धान, सुपात पडणारा तांदूळ, भाताची वाफ, मागे बासरी. सर म्हणाले, "एक नंबर." टाकला आणि तो पडला तिथेच पडून राहिला.

हे कसं चालतं ते सांगतो. पोस्ट टाकली की ती एकदम सगळ्यांना दिसत नाही. आधी थोड्या लोकांपुढे जाते. ते थांबले, शेवटपर्यंत पाहिलं, काही लिहिलं, दुसऱ्याला पाठवलं, तर ती आणखी लोकांपुढे जाते. त्यांनी बोटाने वर सरकवली की तिचा प्रवास संपला. किती लोकांपर्यंत पोचली त्याला आम्ही रीच म्हणतो. आमच्या तांदळाची रीच माझ्या नातेवाइकांच्या पुढे गेली नाही. त्यातल्या निम्म्यांनी तर मला ओळखतात म्हणून लाइक दिलं होतं.

शूटिंगच्या दिवशीची एक क्लिप उरली होती. मी स्टँड घडी करत होतो आणि मोबाईल चालूच राहिला होता. मामी पदराला हात पुसत कॅमेऱ्यापुढे आली आणि तिला वाटलं, आता आपण लोकांशी बोलायला पाहिजे. ती म्हणाली, "आमच्या गावची मंडई हाय बाप्पा. सारे येजा. आन् आमच्या घरी जेवल्याबिगर गेले तं मी तुमच्याशी बोलनार नाही." एवढं बोलून ती गाईला हाकलायला निघून गेली.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. दिवाळी झाली की आमच्या भागात गावोगावी मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा. दिवसा दुकानं, पाळणे, दंडार म्हणजे आमच्याकडचं लोकनाट्य, आणि रात्री नाटक. पण खरी मंडई घराघरांत असते. सासरी गेलेल्या मुली, जावई, सोयरे, सोयऱ्यांचे सोयरे सगळे येतात. त्या दिवशी "जेवून जा" असं गावातला प्रत्येक माणूस समोर दिसेल त्याला म्हणतो. मामीने तेच म्हटलं. फक्त तिच्या समोर कॅमेरा होता.

मला गंमत वाटली. मी क्लिप जशीच्या तशी टाकून दिली. बासरी नाही, काही नाही.

दुपारपर्यंत ऑफिसात गोंधळ. सर माझ्या खुर्चीमागे उभे. आकडा दर वेळी पान ताजं केलं की उडी मारत होता. आधी गावातल्या पोट्ट्यांनी शेअर केली. मग गावच्या लेकींनी. मग पुण्यात, हैदराबादेत नोकरीला गेलेल्या आमच्या जिल्ह्यातल्या लोकांचे ग्रुप असतात, तिथे ती शिरली. तिथून फॉरवर्ड. फॉरवर्ड मोजता येत नाहीत. एखाद्याने आपल्या आईला पाठवली, आईने बहिणीला, ते आम्हाला दिसत नाही. पण एक गोष्ट दिसत होती. लोक नुसते हसत नव्हते. प्रत्येक जण आपली मामी, आपली आत्या, आपलं गाव लिहीत होता. "माझी काकू डिट्टो अशीच." "दोन वर्षं झाली मंडई पाहून." "कंपनीत बसून रडू येऊन राहिलं बे." एकाने लिहिलं, "मामी, वांग्याची भाजी ठेवजो." त्याखाली जेवणाचीच लांबच लांब रांग.

सर टाळ्या वाजवत होते. "अरे, काय टाकलंस तू! आपल्या ऑफिसातून असं कधी गेलं नव्हतं!" त्यांनी सगळ्यांना समोसे मागवले. मीही हवेत होतो. हातातला समोसा तसाच राहिला. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मला वाटलं की हे काम मला आता पुरतं समजलं.

मग कुणीतरी खाली गावाचं नाव आणि मंडईचा दिवस लिहिला. आणि कमेंटचा सूर बदलला.

"आम्ही आठ जण नागपूरवरून निघतो."

"गाडी करून येतो. मामीचं घर कोणतं?"

"फॅमिली आणली तं चालन ना?"

सर म्हणाले, "मस्करी करतात रे."

मी म्हणालो, "सर, मस्करी करणारा माणूस बसचा टाइम विचारत नाही."

मी मोटारसायकल काढली आणि मामाच्या गावी गेलो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पुढच्या मंडईला पुन्हा तसंच व्हायला नको.

मामीला सगळं समजावून सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती. मामाच अस्वस्थ झाले. "तू म्हटलं काहून तसं?"

"आता मंडईले या म्हनू नोको तं का म्हनू? येऊ नोका म्हनू?"

"घरी पाच-पन्नास आले तं?"

"येतीन तं येतीन."

सरांचा फोन आला. त्यांचा सल्ला सरळ होता. "डिलीट कर. किंवा खाली लिही, हे आमंत्रण फक्त नातेवाइकांसाठी होतं."

फोन स्पीकरवर होता. मामीने तो माझ्या हातातून घेतला. "साहेब, नमस्कार. मी जेवाले बोलावलं. आता नाही म्हनू का? माही सासू गेली, पन तिच्या काळातबी या दारातून मंडईच्या दिशी कोनी उपाशी नाही गेला. माह्या टायमाले जाईन का?" आणि तिने फोन मला परत दिला. मामी घाबरलेली होती. पण शब्द मागे घेणं तिच्या हिशोबात नव्हतंच.

डिलीट करण्यात तसाही अर्थ नव्हता. तोपर्यंत दुसऱ्या पेजवाल्यांनी ती क्लिप उतरवून आपल्या नावाने लावली होती. एकाने मागे ढोल टाकला होता. आपली पोस्ट काढली तर त्या सगळ्या राहिल्याच असत्या, आणि त्यांच्याखाली आपल्याला कुणी ऐकलं नसतं. लोकांशी बोलायची आपली एकच जागा होती, ती मूळ पोस्ट. ती ठेवायलाच हवी होती. पण तिथे बोलायचं काय?

मी ओसरीवर बसून कमेंट वाचत होतो. मामा शेजारी. पुण्याच्या एका बाईने लिहिलं होतं, "माझ्या आजीचं माहेर याच गावात होतं. घर आहे की नाही माहीत नाही. आजीचं नाव सारजा." मी मोठ्याने वाचलं.

मामा ताठ बसले. "सारजा? तळ्याच्या पाळीवरची? अबे, हे तं शालिकच्या आत्याची नात! शालिकच्या घरी उतराव लागते ना तिनं. आपल्या घरी काहून?"

मी तसंच लिहिलं. त्या बाईचं उत्तर लगेच आलं, आणि त्याखाली आणखी दहा जणांनी आपापल्या आज्या काढल्या.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मंडईला कुणीही 'गावाला' जात नाही. कुणाच्या तरी घरी जातो. मामीच्या घरी सगळे येणार होते, कारण आम्ही त्यांना एकच घर दाखवलं होतं.

मी एक कमेंट लिहिली आणि पिन केली. पिन करणं म्हणजे ती सगळ्यांत वर खिळवून ठेवणं, म्हणजे येणाऱ्याला आधी तीच दिसते. "मंडईले येनाऱ्यांनी लिहा, गावात तुमचं कोन हाय? माहीत नसन तं आजीचं नाव, मायचं माहेर, काही बी लिहा. मामा शोधून देतीन."

आणि मग जे झालं ते मी आयुष्यात विसरणार नाही. पोस्ट थंड होईल असं मला वाटलं होतं. ती आणखी पेटली. आधी लोक मामीची क्लिप पाठवत होते. आता आपल्या आजोबांना, काकांना फोन करून नावं विचारत होते आणि आणून लिहीत होते. मामा चावडीपुढे जाऊन बसले. त्यांच्याभोवती गावातली म्हातारी माणसं. मी वाचायचो, ते नातं जुळवायचे, मी लिहायचो. वाद व्हायचे. "तो नाही बे, त्याचा भाऊ. तो तं गोसीच्या धरनाच्या कामावर गेला होता." एका जणाचं काहीच जुळेना. त्याने लिहिलं, "माझं गाव दिघोरी, एवढंच." मामा म्हणाले, "दिघोरीचा? मंग तो आमच्या भाच्याचा गाववाला. म्हंजे भाचाच. टाक इकडंच."

गावात वेगळीच चढाओढ लागली. दोघं-तिघं माझ्याकडे तक्रार घेऊन आले. "शालिककडे भल्ले पाहुने देल्ले. आमच्याकडे दोनच काहून? आमचं घर का उघड्यावर हाय?"

मंडईच्या दिवशी मी सकाळपासून रस्त्यावर, बस थांबते तिथे. उतरेल त्याला विचारायचं, कुणाकडे? तो म्हणायचा, सारजाबाईच्या माहेरी. मी हाताने घर दाखवायचो. सर सहकुटुंब आले. त्यांच्या आईचीही कुणी चुलतबहीण इथे निघाली होती. ती त्यांनाही आदल्या दिवशीच कळली. सर तिच्या ओट्यावर मांडी घालून बसले ते उठेनात.

मामीच्या घरी आली ती ज्यांचं कुणीच निघालं नाही ती माणसं. ओसरीत पंगती बसल्या, आणि सगळ्यांना पुरलं. नागपूरचा एक तरुण दारातच उभा होता. मामीने विचारलं, "कोनाचे जी तुमी?"

"कोणाचाच नाही. व्हिडिओ पाहून आलो."

"मंग आमचेच. बसा."

जेवताना जो तो विचारत होता, हा तांदूळ कोणता, वास कशाचा? गटातल्या बायका सांगून दमल्या. आमचा तो बासरीवाला व्हिडिओ मंडईनंतर लोक स्वतः शोधून पाहू लागले. ज्याने भात खाल्ला होता त्याला तो शेवटपर्यंत पाहावासा वाटत होता.

सरांनी ऑफिसात मला विचारलं, "यातून शिकलो काय आपण? क्लायंटला सांगायला लागेल."

मी म्हणालो, "पोस्ट चांगली असली म्हणून पळत नाही, सर. पाहणाऱ्याला तिच्यात आपली जागा दिसली की पळते. आणि पळण्याआधी बघायचं, लोक खरंच आले तर त्यांना बसवायचं कुठे."

सरांनी पहिली दोन वाक्यं लिहून घेतली. शेवटचं नाही.

मंडईच्या दुसऱ्याच दिवशी मामीचा फोन आला होता. मला वाटलं, खूश असेल. ती एवढंच म्हणाली, "सारं जग जेवलं. तू नाही जेवला." आणि फोन ठेवला. खरं होतं, तिच्या घरी मी जेवलो नव्हतो. मी दिवसभर रस्त्यावर होतो. दुपारी शालिकमामांच्या घरच्यांनी ओढून नेलं आणि तिथेच वाढलं. पुन्हा फोन केला तर तिने उचलला नाही. पोस्टाने आलेली चिठ्ठी ती वाचतेच हे मला माहीत आहे, म्हणून मी हे पत्र पाठवलं.

*

ती. मामीस,

साष्टांग नमस्कार. तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहितो.

तू रागावलीस ते बरोबर आहे. जेवल्याबिगर गेले तर बोलणार नाही, असं तू सगळ्यांसमोर म्हटलं होतं, आणि तू खोटं बोलत नाहीस हे मला आधीपासून माहीत आहे. पण मामी, त्या दिवशी मी रस्त्यावर उभा राहून येणाऱ्या प्रत्येकाला घर दाखवत होतो, तेव्हा मला सारखं एकच वाटत होतं. मी पहिल्यांदा पेटी घेऊन तुझ्या गावात उतरलो, तेव्हा मला कुणाला विचारावं लागलं नव्हतं. तू स्वतः बसपर्यंत आली होतीस. लोकांना आता कळलं तू कशी आहेस. मला ते तेव्हाच कळलं होतं. मी कधी बोललो नाही, ते आज लिहितो.

तुझ्या डब्यावर मी शिकलो. ते फेडायचं कसं मला माहीत नाही, आणि फेडतो म्हटलं तर तू आणखी चिडशील.

ऑफिसात सगळे तुझी पुढची क्लिप मागतात. मी नाही म्हणून सांगितलं.

शनिवारी येतो. मोबाईल घरी ठेवून येतो. फक्त जेवाले येतो.

तुझा भाचा