साळवे काकांचा सायकलमार्ग

साळवे काकांना कुठलंही अंतर विचारलं की ते तळ्यांत सांगत. मी गारखेड्यात त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला आले, त्या दिवशी सामान टेम्पोतून उतरवता उतरवता मी विचारलं होतं, "इथून शाळा किती लांब पडेल?" ते म्हणाले, "पाव तळं बी नाय. चालत जावा, बाई." माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी आणखी एक उदाहरण दिलं. "रेल्वे स्टेशन एक तळं. तुमचं पैठण बारा."

माझी बदली झाली होती आणि आई पैठणला एकटी होती. नव्या शहरातला पहिला माणूस असा भेटला म्हटल्यावर मला थोडी काळजीच वाटली. दोन-तीन आठवड्यांनी उलगडा झाला. फ्रान्समध्ये एक प्रदेश आहे, त्यात जंगल आणि तळी, तळी आणि जंगल, असं मैलोन् मैल चालतं. तिथल्या सायकलमार्गांची एक छोटी पुस्तिका काकांकडे होती. त्यातल्या पहिल्या मार्गावर एका तळ्यापासून दुसरं तळं चार किलोमीटरवर होतं. काकांनी तेच माप धरलं होतं.

ते वेरूळ-अजिंठ्याला फ्रेंच पाहुण्यांचे गाईड होते. सडपातळ, काळेसावळे, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला ओळखपत्र. विद्यापीठात संध्याकाळचा वर्ग करून ते ही भाषा शिकले होते. त्यांच्या घरात त्यांच्याआधी कुणी शाळेची पायरी चढलं नव्हतं. "फ्रेंच माझं शुद्ध हाय, बाई," ते म्हणत, "मराठीचं काय ते तुम्ही बघा." काकू मी येण्याच्या सहा वर्षं आधी गेल्या होत्या. मुलगी, संगीता, पुण्याला नोकरीला. खाली एक माणूस, वर एक माणूस. दोन कुकर, आणि त्यांच्या शिट्ट्या वेगवेगळ्या वेळी. मी रात्रीची भाकरी उभ्याउभ्याच खाऊन घ्यायचे, आणि खालून ताटलीचा आवाज आला की तेही जेवले असं समजायचे.

ती पुस्तिका त्यांना एका म्हाताऱ्या शिक्षक जोडप्याने टपालाने पाठवली होती. काकांनी तीन दिवस त्यांना लेणी दाखवली होती. जाताना त्या गृहस्थांनी विचारलं, तुम्ही आम्हाला एवढं दाखवलंत, आम्ही तुम्हाला काय दाखवू? काका म्हणाले, तुमचं गाव कसं हाय ते सांगा. त्याचं उत्तर म्हणून ती पुस्तिका आली. पुढे अकरा वर्षं काका ती वाचत होते. दुपारी ओट्यावर बसून एखादं पान मला मराठीत सांगत: "इथं चर्च डाव्या हाताला ठेवायचं. मग ओकची झाडं. मग बांधावरून जायचं, सायकलीवरून उतरून, कारण बांध अरुंद हाय."

"काका, तुम्ही गेलाय का तिथं कधी?" मी विचारलं.

"नाय," ते म्हणाले. "पण रस्ता चुकणार नाय."

ते वर्ष दुष्काळाचं होतं. नळाला आठ-आठ दिवस पाणी नसे. टँकर आला की गल्लीतली सगळी माणसं पाइपाभोवती गोळा होत, आणि एरवी एकमेकींच्या घरी उठबस असलेल्या बायका तिथे एकमेकींकडे बघत नसत. काका माझा ड्रम आधी भरून घेत आणि मग स्वतःचा. एकदा ड्रमाशेजारी रांगेत उभं असताना ते मला त्या पुस्तिकेतल्या सतराव्या पानावरच्या तळ्याबद्दल सांगत होते. पुढची बाई वळून म्हणाली, "दादा, पान्याच्या गप्पा नका करू वो, तहान लागती." काका हसले नाहीत. ते तळं त्यांनी तिथंच अर्धवट सोडलं आणि माझा ड्रम पुढे सरकवला.

पुढच्या वर्षी पुस्तिका पाठवणाऱ्या त्या फ्रेंच बाईंचं पत्र आलं. नवरा वारला होता. त्याची सायकल पडवीत पडून आहे, ती कुणीतरी चालवावी असं मला वाटतं, असं त्यांनी लिहिलं होतं. काकांनी पत्र चार वेळा वाचलं. संगीताने तिकीट काढलं, आणि दसऱ्यानंतर काका गेले. बारा दिवसांनी परत आले ते आणखी काळे होऊन, एक जाड स्वेटर हातात घेऊन. मी चहा केला. आम्ही जिन्याच्या पायऱ्यांवर बसलो.

मला वाटलं होतं, ते जंगलाचं सांगतील. ते म्हणाले, "तिसऱ्या दिवशी मी सतराव्या पानावरच्या तळ्यावर गेलो. बाई, तळं रिकामं. नुसता चिखल. मी सायकल टाकली आणि बांधावर बसलो. म्हणलं, इथं बी आलाच का हा दुष्काळ. मला रडूच आलं. खोटं कशाला सांगू."

"मग?"

"मग गमबूट घातलेला एक बुवा आला. म्हणला, काय झालं? मी म्हणलं, पाणी गेलं. तो म्हणला, गेलं नाय, आम्हीच सोडलं. दर काही वर्षांनी बांधातली मोरी उघडून तळं रिकामं करतात, मासे काढतात, आणि मोरी लावून घरी जातात. मी विचारलं, आणि नाय भरलं तर? त्याला माझा प्रश्नच कळंना. मी तीनदा विचारला. शुद्ध फ्रेंचमध्ये विचारला. तो म्हणला, हिवाळ्यात भरतं की."

काकांनी चहाचा कप पायरीवर ठेवला. "जंगल चांगलं हाय. पण मला त्या माणसाचा लई हेवा वाटला. एवढं पाणी सोडून दिलं आणि बेफिकीर जेवायला गेला."

त्या हिवाळ्यात त्यांनी एक दोनशे पानी वही आणली. आपल्या शहराभोवती असेच आठ सायकलमार्ग लिहून काढायचे ठरवले. प्रत्येक मार्ग कुठल्या तरी तळ्यावरून जाणारा. हर्सूलचा तलाव, डोंगराच्या कुशीतले पाझर तलाव, कुठे नुसतं पावसाळी डबकं. दर रविवारी सकाळी ते सायकल काढत आणि दुपारी माझ्याकडे वही घेऊन येत. मी शुद्धलेखन तपासत असे. "निंबाच्या झाडापाशी उजवीकडं. कुत्रं हाय, पण चावत नाय," असं त्यात लिहिलेलं असे. मी 'उजवीकडे' करत असे आणि कुत्र्याला तसंच ठेवत असे.

"हे वाचणार कोण, काका?" मी एकदा विचारलं.

"येईल कुणी," ते म्हणाले. "तिथल्या पुस्तकवाल्याला तरी काय माहीत होतं मी हाय म्हणून."

आठवा मार्ग त्यांनी मला सोबत घेऊन करायचं ठरवलं. मी कॉलेजनंतर सायकल चालवली नव्हती. बीड बायपास ओलांडून आम्ही शहरालगतच्या सातारा गावच्या डोंगराकडे निघालो. पूर्वी तिकडे नुसती शेतं होती. आता जागोजागी खडीचे ढीग, अर्धवट इमारती, प्लॉटच्या पाट्या. काका पुढे, मी धापा टाकत मागे. एका वळणावर ते थांबले. समोर लांबलचक सिमेंटची भिंत होती, आणि फाटकाशी खुर्ची टाकून एक वॉचमन बसला होता.

"कुठं जायचं?" त्याने विचारलं.

"तळ्यावर," काका म्हणाले.

"इथं तळं नाय. स्कीम हाय."

"मागच्या दिवाळीला होतं."

"मी संक्रांतीपासून हाय इथं," वॉचमन म्हणाला. माणूस वाईट नव्हता. त्याने आम्हाला फाटकातून आत बघू दिलं. आत मुरूम टाकून सगळं सपाट केलं होतं, आणि चुन्याच्या रेघा मारल्या होत्या. बांधाचा एक तुकडा तेवढा कोपऱ्यात उरला होता, दगडी, कमरेएवढा.

काका त्या तुकड्याकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, "बहात्तरच्या दुष्काळात हे काम निघालं होतं. माझी माय होती कामावर. दिवसभर डोक्यावर माती, आणि कामावर खायला सुकडी मिळायची, ती माय माझ्यासाठी पदरात आणायची. त्या बांधाला तिचा हात लागलेला हाय. तिकडं फ्रान्सला त्यांची तळी मठातल्या साधूंनी खोदली, पुस्तकात लिहिलेलं हाय. इथली ह्या बायांनी खोदली. हे कुठं लिवलेलं नाय."

हे त्यांनी मला तोवर कधीच सांगितलं नव्हतं. एवढे महिने मी ती वही तपासत होते.

दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून एका कार्यालयात गेले. मग दुसऱ्या. मग गावात राहिलेल्या चार म्हाताऱ्या बायकांकडे. त्यांच्या तोंडून कामाच्या आठवणी लिहून घेतल्या, अंगठे घेतले, तळ्याची नोंद शोधून द्यावी असा अर्ज मी लिहून दिला. सात महिन्यांनी उत्तर आलं: सदर ठिकाणी तलावाची नोंद आढळून येत नाही. काकांनी ते मला वाचायला दिलं. "मराठी शुद्ध हाय का बघा," म्हणाले. मी म्हटलं, शुद्ध आहे. त्यांनी वहीत आठव्या मार्गाचं पान उघडलं आणि खाली लिहिलं, "इथं तळं होतं. भिंतीला वळसा घालून पुढं जावं." ते मी तपासलं नाही.

पुढच्या पाच-सहा वर्षांत शहर चारी बाजूंनी वाढलं. आठ मार्गांचे पाच झाले, पाचांचे तीन. काका रविवारी जात राहिले, पण परत येताना वहीत काही भरलेलं नसे. फ्रेंच पाहुणेही कमी झाले. जे येत ते कानाला माहिती सांगणारं यंत्र लावून येत, त्यांना गाईड लागत नसे. मी एखाद्या रविवारी येते म्हणायचे आणि पेपर तपासायचे आहेत म्हणून राहायचे. हे मला आता टोचतं. काकांनी आग्रह कधी केला नाही. पंचवीस वर्षं त्यांनी माणसांना काहीतरी दाखवलं होतं, आणि ती माणसं दाखवून झाल्यावर बसमध्ये बसून गेली होती. आग्रह करायची त्यांना सवयच नव्हती.

मग त्यांची नजर अधू झाली. एकदा दुभाजकाला धडकून पडले, आणि संगीता त्यांना न्यायला आली. ती जेमतेम दोन दिवस होती. चादरी, भांडी, औषधं बांधता बांधता तिने मला विचारलं, "बाबा रविवारी नक्की जायचे कुठे?" मी वही दाखवली. तिने थोडी पानं उलटली आणि म्हणाली, "मला कधी नेलं नाही." काका पलीकडे खुर्चीत बसले होते. ते म्हणाले, "तुझा अभ्यास असायचा." तिने वही मिटून माझ्या हातात दिली. गाडी निघताना त्यांनी मला नमस्कार केला आणि वही तुमच्याकडेच राहू द्या म्हणाले, पुण्यात तिचा उपयोग नाही.

दीड वर्षाने संगीताचा फोन आला. काका जाऊन आठवडा झाला होता. शेवटचे दोन दिवस ते मराठी बोललेच नाहीत, ती म्हणाली. दवाखान्यात सारखं एकच काहीतरी म्हणत होते आणि हात हलवत होते. तिने ते ऐकलं तसं कागदावर लिहून ठेवलं होतं. "पार इसी. असं काहीतरी. तुम्हाला माहीत आहे का?"

मला फ्रेंच येत नव्हतं. एवढी वर्षं शेजारी राहून मी एक शब्द शिकले नव्हते. मी वेरूळला गेले आणि त्यांच्याबरोबर काम केलेल्या एका गाईडला गाठलं. त्याने ऐकलं आणि लगेच सांगितलं, "इकडून या. पाहुण्यांना म्हणतो ना आम्ही, लेण्यात पुढं चालताना, तसं."

संध्याकाळी मी संगीताला फोन करून ते सांगितलं.

"पण तिथे कुणी नव्हतं," ती म्हणाली. "खोलीत मी एकटीच होते."

"मग तुम्हालाच म्हणाले असतील," मी म्हणाले.