साखराबाईंची बोहणी

निवडणूक जाहीर झाली की आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये आजारांची साथ येते. कुणाची कंबर धरते, कुणाचा रक्तदाब चढतो, आणि पीटीच्या सरांना तर नेमकं आचारसंहितेच्या काळातच चालता येत नाही. मी विज्ञान शिकवतो आणि खोटं बोलताना मला घाम फुटतो. त्यामुळे गेल्या बावीस वर्षांत निवडणुकीची एकही ड्यूटी मला चुकलेली नाही. परवाच्या विधानसभेला माझं नाव वेगळ्याच पथकात आलं. पंच्याऐंशीच्या वरच्या ज्या मतदारांनी अर्ज केलाय, त्यांच्या घरी जाऊन मत घ्यायचं.

पथक म्हणजे मी, एक क्लार्क, एक पोलीस, एक व्हिडिओवाला आणि पुठ्ठ्याचा घडीचा आडोसा. या सगळ्यांना घेऊन एक जीप रोज सकाळी विष्णुपुरीहून निघायची आणि हिमायतनगर तालुक्यातल्या खड्ड्यांतून एकेक मत गोळा करत फिरायची. ज्या रस्त्यांचं भूमिपूजन मी मागच्या तीन निवडणुकांत पेपरात वाचलं होतं, ते सगळे या निमित्तानं अंगाला समजले.

तिसऱ्या दिवशी सावळेवाडीला गेलो. यादीत नाव होतं साखराबाई, वय अठ्ठ्याऐंशी. घराला बाहेरून कडी. शेजारची बाई म्हणाली, "माय कापूस येचाय गेलीय."

"अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी?"

"तुम्ही येणार हाय म्हणून गेलीय. येरवी कुठं जातीय!"

इतक्यात त्यांचा मुलगा बालाजी धावत आला. पंचावन्नचा गडी, गळ्यात पक्षाचा रुमाल आणि तोंडावर चोराचा भाव. त्यानं आम्हाला ओसरीवर बसवलं, चहा सांगितला आणि आधी व्हिडिओवाल्याला कॅमेरा बंद करायला लावला. मग खरं काय ते बोलला.

सावळेवाडीत मतदानाची बोहणी साखराबाई करतात. केंद्र सात वाजता उघडतं आणि पहिलं मत त्यांचं पडतं. ही पद्धत कुणी सुरू केली कुणाला आठवत नाही, पण ती मोडायची हिंमतही कुणाला नाही. म्हातारीच्या हातानं सुरुवात झाली की आपल्याला यश येतं असं दोन्ही बाजूंना वाटतं. एक बाजू हरते हे उघडच आहे, पण पाच वर्षांत ते विसरायला होतं. त्या सकाळी दोन्हीकडच्या गाड्या त्यांच्या दारात उभ्या राहतात. साखराबाईंनी यावर स्वतःचा तोडगा काढलेला: जाताना एकाच्या गाडीत बसायचं, येताना दुसऱ्याच्या. मतदारांना असं गाडीतून आणणं नियमात बसत नाही, म्हणून गाड्या केंद्रापासून शंभर मीटर लांब थांबतात. नियम पाळायची आमच्याकडे ही रीत आहे.

"मंग यंदा काय बिघडलं?" क्लार्कनं विचारलं.

बिघडलं होतं ते वर, मुंबईत. पक्ष फुटला आणि त्याची भेग सावळेवाडीपर्यंत आली. शेषेराव आणि आप्पासाहेब हे गावचे दोन कार्यकर्ते. आधी एकाच बॅनरवर एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे असायचे. दुसरी गाडी तेव्हा विरोधी पक्षाची असायची. आता दोघंही म्हणतात की खरा पक्ष माझा, आणि यंदाच्या दोन्ही गाड्या या दोघांच्याच. बालाजी शेषेरावांच्या बाजूला गेला. "अन् सायेब, माझीच माय आप्पासाहेबाच्या गाडीत बसून फिरली तर मी तोंड कुठं दाखवू? शेषेराव म्हणले, बालाजी, घरातली एक म्हातारी सांभाळता येईना अन् तू बूथ सांभाळणार? मंग भरला मी फारम. घरीच मत, गाडीचा प्रश्नच न्हाई."

"त्यांना विचारलंत?"

बालाजीनं चहाच्या कपात बघितलं. "अंगठ्याऐवजी सही करती ती. म्हणलं, पेन्शनीचा कागद हाय. तुमच्या येण्याचा निरोप आला तवा कळलं तिला."

मला संताप आला. आईला फसवून तिच्या मताचा कागद करणाऱ्या माणसाचा चहा मी अर्ध्यावर ठेवला. ठेवला खरा, पण आत आलं चांगलं घातलं होतं, म्हणून नंतर संपवला. आणि बालाजीला नियम सांगितला: अर्ज मंजूर झालाय, आता केंद्रावर त्यांना मत देता येणार नाही. आम्ही परवा पुन्हा येऊ. तेव्हाही त्या भेटल्या नाहीत तर त्यांचं मत बुडालं.

ठरल्याप्रमाणे दोन दिवसांनी गेलो तर साखराबाई दारातच बसलेल्या. बारीक अंगाच्या, चेहऱ्यावर सुरकुत्यांचं जाळं, आणि डोळे मात्र पेपर तपासणाऱ्या मास्तरणीसारखे. मी नमस्कार केला. त्यांनी माझ्या पुठ्ठ्याकडे बघितलं.

"ह्यो काय?"

"आजी, मतदानाचा आडोसा. आत बसून तुम्ही खूण करायची. कुणाला दिसत नाही."

"मला मत गुपचूप द्यायचंय. मला काय गुपचूप ऱ्हायचं न्हाई."

मी खाली बसलो. मी मुलांना पृथ्वीचं परिभ्रमण समजावतो त्याच आवाजात त्यांना सरकारची सोय समजावली. वयस्कर लोकांना रांगेत त्रास होऊ नये, उन्हात उभं राहावं लागू नये, वगैरे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सायेब, तुम्ही शिकलेले दिसता. मला एक सांगा. मागच्या टायमाचं माझं मत आता कुठं हाय?"

"म्हणजे?"

"ज्याला दिलं तो निवडून आला. त्याचं नाव सांगत न्हाई, ते माझं मलाच. मंग तो दुसऱ्याच्या संगट गेला. मंग परत आला. मंग पक्ष फुटला. आता तो कुणीकडं हाय अन् त्याच्याबरूबर माझं मत कुणीकडं हाय?"

मी विज्ञानाचा माणूस. मला वाटलं, हे सुटण्यासारखं आहे. बरोबर आणलेल्या जुन्या याद्यांच्या पाठीमागं मी चौकोन काढले, बाण काढले. इथून तिकडे, तिकडून पुन्हा इथे, मग त्या चौकोनाचे दोन चौकोन. क्लार्क म्हणाला, मधला शपथविधी राहिला. तो घातला. पोलिसानं दोन चुका काढल्या. दहा मिनिटांनी कागदावर गुंता झाला आणि शेवटचा बाण निघाला तिथंच परत येऊन टेकला.

साखराबाईंनी चष्मा लावून ते चित्र नीट बघितलं. "म्हणजे मी जागची हालले न्हाई. तेच फिरून राहिले."

"तसंच म्हणावं लागेल."

"अन् मलाच म्हणता, घरी बस."

यावर राज्य निवडणूक यंत्रणेकडे काही उत्तर असेल तर मला ते प्रशिक्षणात दिलेलं नाही. बालाजी अंगणात उभा होता, त्याच्याशी त्या आठवडाभर बोलल्या नव्हत्या. त्यांनी त्याला नजरेनंच फाटकाबाहेर काढलं आणि मग माझ्याकडे वळल्या. आवाज एकदम खाली आला होता.

"मी शिरूर अनंतपाळकडची. एवढ्या लांब दिली बापानं. पहिलं मत दिलं तवा दर उमेदवाराची येगळी पेटी ऱ्हायची. सासरा बैलगाडीतनं घेऊन गेला. वाटेत धा बार सांगितलं, ह्या खुणेच्या पेटीत टाक. घरात पाणी किती प्यायचं ते बी त्यालाच इचारायचं, असा माणूस. मी आत गेले. पडदा व्हता. अन् शेजारच्या पेटीत टाकलं."

"का?"

"कायबी कारण न्हाई. पडदा व्हता म्हणून." त्या हसल्या. दात नव्हते, पण हसू शाळकरी मुलीचं होतं. "बाहेर आले तर सासरा म्हणला, टाकलं का सांगितलं तसं? म्हणलं, हाव. घरापातूर मला हसू आवरंना. तवापासून एकबी मत बुडवलं न्हाई मी. मालक गेले त्या सालीबी न्हाई."

मला खरंच त्यांचा हेवा वाटला. इतक्या निवडणुका मी पार पाडल्या, पण मत देऊन घरी जाताना मला कधी हसू आलेलं नाही.

"मग आजी, हेही बुडवू नका. आज दिलं नाही तर गेलं."

"अन् दिलं तर? मंग त्या दिवशी कोण येतंय मला न्यायला? मत हाय तवर मी माय. शेषेराव माय म्हणतोय, आप्पासाहेब माय म्हणतोय, गाडीचं दार उघडून धरतेत. मत पडलं की मी म्हातारी. पाच वर्सांत एक सकाळ मला सगळं गाव इचारतंय, सायेब. ती बी तुम्ही पुठ्ठ्यात घालून न्हेणार?"

मी पुठ्ठ्याची घडी घालायला लागलो. मग त्यांनी पदर खोचला आणि क्लार्कला म्हणाल्या, "आण तो कागद."

आडोशाच्या आत त्या वीस मिनिटं होत्या. एकेक नाव बोट ठेवून वाचत असाव्यात. लिफाफा चिकटवून माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "आता एक काम करा. बाहेर जाताना तोंड पाडून जा. म्हातारीनं हाकललं, असं दिसू द्या. बाकीचं मी बघते."

असं करावं असं पुस्तिकेत नाही. करू नये असंही नाही. शिवाय निवडणुकीच्या महिन्यात माझं तोंड पडलेलंच असतं. पारावर शेषेराव आणि आप्पासाहेब एकमेकांकडे पाठ करून बसले होते, दोघं एकदमच उठले. "दिलं का मायनं?"

"ते गुप्त आहे," मी म्हणालो आणि जीपमध्ये बसलो. मागून साखराबाईंचा खणखणीत आवाज आला, "पुन्यांदा आलात तर बघा! माझं मत बूथवरच पडणार!" बालाजीसकट सगळ्यांना वाटलं की म्हातारीनं अर्जच रद्द करायला लावला. तिनं काय काय रद्द केलेलं त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं, त्यामुळे शंका कुणालाच आली नाही.

घरोघरचं काम केलं म्हणून मतदानाच्या दिवशी सुटी मिळेल असं साहेब म्हणाले होते. पण केंद्र संगणक ठरवतो, आणि संगणकाचं आणि माझं कधी पटलेलं नाही. त्यानं मला सावळेवाडीच्याच शाळेत पाठवलं. काम पहिल्या मतदान अधिकाऱ्याचं. म्हणजे मतदाराचं नाव यादीत शोधायचं आणि सगळ्या एजंटांना ऐकू जाईल असं मोठ्यानं वाचायचं.

केंद्रावर पोचल्यावर आदल्या रात्रीच मी यादी काढून साखराबाईंचं नाव शोधून ठेवलं.

सातला पाच कमी असताना शाळेच्या दारात गलका झाला. साखराबाई आप्पासाहेबांच्या बोलेरोतून आल्या होत्या. अंगावर कोरं इरकल, कपाळाला बुक्का. शेषेरावांची गाडी मागं मागं, परतीच्या वाटेच्या हक्कानं. रांगेतल्या बायांनी वाट करून दिली. बालाजी शेषेरावांच्या उमेदवाराचा एजंट म्हणून माझ्यासमोरच्या बाकावर बसला होता. आईला बघून त्यानं मान खाली घातली.

साखराबाई माझ्या टेबलाशी आल्या. मला ओळखलं आणि एक डोळा बारीक केला. मी यादी उघडली. नावापुढं लाल शाईत लिहिलेलं होतं, ते मला माहीत होतं तिथंच होतं. घसा साफ केला आणि वाचलं, "क्रमांक दोनशे चौदा, साखराबाई. यांचं टपाली मतदान घरीच झालेलं आहे. केंद्रावर मत देता येणार नाही."

दोन्ही बाजूंचे एजंट उभे राहिले. दारातून आप्पासाहेब ओरडले, "अहो, मायनं हाकललं व्हतं की तुम्हाला!"

"मी कुठं म्हणले, मत दिलं न्हाई म्हणून?" साखराबाई शांतपणे म्हणाल्या. "बूथवर पडणार म्हणले व्हते. पडलं न्हाई. तुमचं कुठं सगळं खरं ऱ्हातंय?"

रांगेतल्या बाया फिदीफिदी हसल्या. केंद्राध्यक्षांनी सगळ्यांना शांत केलं आणि मागच्या बाईला पुढं बोलावलं. साखराबाई मान ताठ ठेवून बाहेर गेल्या. मला टाळी वाजवावीशी वाटली, पण हातात यादी होती.

माझ्या खुर्चीतून शाळेचं फाटक दिसत होतं आणि शंभर मीटरच्या पांढऱ्या रेषेपलीकडं उभ्या दोन गाड्याही दिसत होत्या. साखराबाई काठी टेकत तिथवर पोचल्या. आप्पासाहेबांचा ड्रायव्हर दुसरीकडे बघून फोनवर बोलायला लागला. शेषेराव स्वतः गाडीपाशी होते, त्यांनी साखराबाईंकडे एकदा बघितलं आणि ड्रायव्हरला हात केला. तांड्यावरची साठ मतं आणायची राहिली होती. आधी एक गाडी गेली, मग दुसरी. धुरळा बसला तेव्हा कोऱ्या इरकलातली म्हातारी रस्त्याच्या मधोमध एकटीच उभी होती. तिनं हे सगळं आधीच ओळखलं होतं, मला सांगितलंही होतं, तरी मला ते बघवलं नाही. मी पुढचं नाव चुकीचं वाचलं.

बाक सरकल्याचा आवाज झाला. बालाजीनं एजंटाचा पास काढून बाकावर ठेवला आणि तो तरातरा बाहेर पडला. फाटकाशी शेषेरावांच्या माणसानं त्याला अडवलं.

"ए बालाजी, बूथ सोडून कुठं चाललास?"

"मायला घरी सोडून येतो."

"आरं, तिचं मत तर होऊन गेलंय की!"

"हाव," बालाजी म्हणाला. "म्हणूनच चाललोय."