मीटरच्या पेटीवरचा कोळी

मीटरच्या पेटीवर तो उडी मारणारा कोळी दिसला, तेव्हा मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. तांदळाच्या दाण्याएवढा, कपाळावर नारिंगी पट्टा. ही जात फक्त सह्याद्रीच्या ओल्या जंगलात सापडते, असंच आजवर वाचलेलं. आणि आमचं अंगण वऱ्हाडातलं, कोरडं ठणठणीत.

मला कोळी ओळखायला शिकवणाऱ्या सरांना फोटो पाठवला. लगेच त्यांचा फोन आला. "नुसता फोटो चालणार नाही. अल्कोहोलच्या बाटलीत घालून पाठव. नाहीतर तो तिथे नव्हताच, असं समज."

तीन दिवस मी भिंती, कुंपण, कडुनिंबाची साल धुंडाळली. दुसरा सापडला नाही.

आज तो पुन्हा पेटीवर आला. बाटली उघडून मी हात पुढे केला. तो पळाला नाही. वळून समोरचे दोन मोठे डोळे माझ्यावर रोखून थांबला.

"एकच आहे ना हो?" मागून बायकोने विचारलं. एखादा जीव इथे आहे हे पटवायला त्याला इथून नाहीसं करावं लागतं, हे इतक्या वर्षांत कधी खटकलं नव्हतं. हात मात्र सवयीने पुढे सरकला आणि कोळी बाटलीत गेला.

बाटलीतली चिठ्ठी पेन्सिलनेच लिहायची असते, शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. गाव लिहिलं, जागा लिहिली. 'संख्या' या शब्दापुढे एक लिहिलं आणि मान वर केली. पेटी रिकामी होती.